अकरा पानं आणि बारावा खेळाडू

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. असं नाही, तोंडातले पोहे आधी गिळा. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या शेजाऱ्यांना असा ठसका लागला की त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

तर, मी शिरीष. बँकेतून रिटायर झालो आणि इथे उज्जैनमध्ये नानाखेड्याला घर बांधून बसलो. आमचं एक मित्रमंडळ आहे. संध्याकाळी कॉलनीच्या बागेत बाकावर बसायचं, चाय प्यायची आणि क्रिकेटमधलं जगात फक्त आपल्यालाच कळतं हे ओरडून सांगायचं, एवढंच काम. पण एके काळी या मंडळाची खरीखुरी टीम होती बरं का! पांढरे कपडे, मॅटिंगची विकेट, दुपारी डब्यातली पोळीभाजी, सगळं रीतसर.

एका संध्याकाळी भारताचा सर्वकालीन संघ निवडायला बसलो. पहिले दोन खेळाडू ठरेपर्यंतच अशी जुंपली की बंडूकाका किरकिरे काठी उगारून उभे राहिले. बंडूकाका म्हणजे मंडळाचे जुने विकेटकीपर. अपील करायची सवय अजून गेलेली नाही, बायकोनं भाजीत मीठ कमी घातलं तरी 'हाऊज दॅट' म्हणतात.

मी म्हटलं, "काका, त्या मोठ्या लोकांचं सोडा. त्यांना आपण निवडून काय फरक पडणार आहे? आपल्याच मंडळाचा सर्वकालीन संघ निवडू. आजवर जे जे खेळले त्यांतले अकरा. शाल, श्रीफळ, मानपत्र, मग जेवण!"

"व्वा!" सगळे एका सुरात म्हणाले. "आणि निवड करायची शिरीषनं. त्याला सगळा इतिहास तोंडपाठ आहे."

मी फुगलो. तिथल्या तिथे एकच अट घातली, की निवडायचे ते हयात असलेल्यांतूनच. शाल घालायला खांदा तर पाहिजे ना! ही अट माझी होती, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता घरातली गोष्ट. माझे सासरे, तात्या, आमच्याकडेच राहतात. रेल्वेत होते. मंडळाचे सलामीचे फलंदाज. त्यांची ख्याती अशी, की ते बाद होत नसत आणि धावाही काढत नसत. एकदा म्हणे सकाळी खेळायला गेले ते चहापर्यंत उभेच.

"रन किती झाले तात्या?" मी विचारलं होतं.

"रन काढायला कोण गेलं होतं? मी टिकायला गेलो होतो."

आता सांगा, सर्वकालीन संघात असा माणूस घेऊन करायचं काय? दुसऱ्या टोकाचा फलंदाज म्हातारा होईल! मी निःपक्षपाती माणूस. जावई म्हणून वशिला लावला असं कुणी म्हणायला नको, म्हणून तात्यांना बारावा खेळाडू केलं. अकरावी जागा कुणाला दिली? ते आत्ता विचारू नका. सांगतो ना पुढे, पळून चाललोय का मी?

संघ जाहीर झाला आणि तात्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. गेली कित्येक वर्षं त्यांची एकच इच्छा होती, की मंडळानं एकदा तरी आपल्या खांद्यावर शाल घालावी. रिटायर झाले तेव्हा रेल्वेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते पण बंद. त्यामुळे ते खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. आणि बाप बोलत नाही म्हटल्यावर लेक कशी बोलेल? सुनंदानंही अबोला धरला. ताटात रोज लौकीची, म्हणजे आपल्या दुधीची, भाजी. 'मीठ दे' म्हटलं तर मिठाचा डबा समोर आपटायचा, तोंडातून शब्द नाही.

इथेच माझा घात झाला! कारण आमच्या घरी कॅलेंडर म्हणजे सुनंदा. आज काय आहे, उद्या काय खायचं नाही, परवा कुणाकडे जायचं, सगळं तीच सांगते. मी बँकेत सगळ्या ग्राहकांच्या तारखा सांभाळल्या, घरच्या एकाही तारखेकडे पाहिलं नाही. वडिलांचं श्राद्धही देवासला मोठ्या भावाकडे असतं. सुनंदा म्हणते चला, मी जातो आणि वडे खाऊन येतो.

त्यामुळे मी समारंभाची तारीख ठरवली तेव्हा मोठ्यानं तिला ऐकवली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. परत मिटलं आणि आत जाऊन कढईत डाव आपटला. मला वाटलं, अजून राग गेलेला नाही.

मग मी इथल्याच देवास गेटजवळच्या एका धर्मशाळेच्या मॅनेजरला फोन लावला. दुबेजी म्हणून मोठा गोड माणूस.

"दुबेजी, अपने मंडल के ग्यारह पुराने लोग हैं. उनके नाम का एक छोटा कार्यक्रम करना है, फिर भोजन."

"हो जाएगा साहब. इन दिनों तो अपने यहाँ रोज़ यही चल रहा है."

रोज सत्कार! मी मनात म्हटलं, काय सुसंस्कृत गाव आहे आपलं, उगाच नावं ठेवतो आपण.

मी तारीख सांगितली.

"अमावस को! बहुत बढ़िया दिन चुना. उस दिन तो छूटे हुए लोग भी आ जाते हैं."

"नहीं नहीं, ग्यारह ही लेंगे. एक जो छूटा है, वो घर में ही है."

पलीकडे दुबेजींनी आवाज खाली आणला. "घर में ही है? राम राम राम! तो साहब, उनका भी करवा दीजिए. शांति मिल जाएगी."

"वो शांत होने वालों में से नहीं हैं," मी म्हटलं.

"पंडितजी बुलवा दूँ?"

मला काय, मंत्र म्हटले की सत्काराला वजन येतं. "हाँ हाँ, बुलवा दो."

"फोटो लाएँगे?"

"सबकी है, मैदान वाली, ब्लैक एंड व्हाइट. बड़ी करवाई है. दीवार पर टाँग देना. और भिया, हार अच्छे वाले."

"वो आप चिंता मत करो. और भोजन में खीर-पूड़ी तो रहेगी ही."

"खीर के बिना क्या मज़ा!" मी म्हटलं. पलीकडून दुबेजी जरा घुटमळत "हओ साहब" म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, त्या अकरा जणांपैकी कुणालाच कळलं नाही का? कळलं ना! भाऊसाहेब, आमचे कप्तान, नव्वदीला टेकलेले. त्यांना फोन केला तर म्हणाले, "शिरीष, अरे या दिवसांत कशाला?"

मला वाटलं, उन्हाचं म्हणताहेत. मी जोरात म्हटलं, "भाऊसाहेब, आता नाही तर कधी?"

ते बारीक आवाजात म्हणाले, "तेही खरंच आहे म्हणा." आणि फोन ठेवला.

समारंभाच्या सकाळी सुनंदा आणि तात्यांना घेऊन ऑटोत बसलो. तात्या पांढरी पँट, पांढरा शर्ट घालून तयार. हातात पाण्याची बाटली. "बारावा खेळाडू आहे ना मी? पाणी द्यायला येतोय," असं त्यांनी ऑटोवाल्याला सांगितलं, मला नाही. रस्त्यात ही गर्दी! नदीकडे जाणारी माणसंच माणसं, हातात पितळी तांबे. मला काही वाटलं नाही. हल्ली उज्जैनला गर्दी कोणत्या दिवशी नसते?

हॉलमध्ये शिरलो आणि मनातल्या मनात दुबेजींची पाठ थोपटली. भिंतीवर ओळीनं अकरा फोटो. प्रत्येकाला झेंडूचा हार. खाली समया, उदबत्त्या, केळीची पानं. माझा स्वतःचा फोटो टोकाला होता. हो, होता. अकरावी जागा मी मलाच दिली होती! अष्टपैलू म्हणून. झालं समाधान? निवड समितीनं स्वतःवरच अन्याय का करावा?

पंडितजी तयारच बसले होते. "यजमान आप? आइए, जल्दी बैठिए, मुझे आगे चार जगह और जाना है."

मी बसलो. त्यांनी माझ्या बोटात दर्भाची अंगठी घातली. बरं, म्हटलं, संकल्प असेल. आपल्या उज्जैनात स्कूटर घेतली तरी संकल्प सोडतात. मग म्हणाले, "जनेऊ दाहिने कंधे पर." मला वाटलं, गडबडीत मी उलटं घातलं असेल, घेतलं उजव्या खांद्यावर. मग हातात काळे तीळ आले. आता मात्र मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण तोपर्यंत पंडितजी सुसाट सुटले होते.

"पहला नाम?"

"भाऊसाहेब."

"आपसे संबंध?"

"हमारे कप्तान थे."

"फ़ौज में?"

"नहीं नहीं, मैदान में."

पंडितजींनी हात जोडले. "मैदान में गए! धन्य हैं. जल छोड़िए."

मी पाणी सोडलं.

तेवढ्यात मागे भाऊसाहेब स्वतःच आले. पाठोपाठ बंडूकाका, मग बाकीचे. विधी चाललेला बघून बिचारे सभ्यपणे खुर्च्यांवर बसले. विधीच्या मधे बोलायचं नाही, एवढं वळण जुन्या लोकांना आहे. बंडूकाका मात्र माझ्या कानाशी वाकले.

"शिरीष, कुणाचं आहे रे हे?"

"तुमचंच, काका! बसा, बसा."

काका बसले. आणि भिंतीवर स्वतःचा फोटो शोधायला लागले.

एकेक नाव येत होतं, मी पाणी सोडत होतो. मागे कुजबुज वाढत होती. शेवटी पंडितजींनी विचारलं, "आख़िरी नाम?"

"शिरीष."

"आपसे संबंध?"

"संबंध कैसा? मैं ही हूँ!"

पंडितजींचा हात हवेतच थांबला. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत फोटोकडे. "आप... तो बैठे हैं!"

"सगळेच बसलेत पंडितजी," मी अजून आपल्याच तोऱ्यात, "वो देखिए, पीछे."

पंडितजींनी मान वळवली. दहा हारवाले फोटो आणि त्यांच्या बरोब्बर खाली तीच दहा तोंडं, जरा सुरकुतलेली. बंडूकाकांनी सवयीनं त्यांना नमस्कार केला. पंडितजी आसनावरून असे उडाले की तिळाची वाटी माझ्या अंगावर!

"अरे महाराज, ये तो सब जीवित हैं! सर्वपितृ अमावस्या के दिन जीवितों का तर्पण करा दिया मुझसे!"

सर्वपितृ... अमावस्या? माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. रोज हेच चालू आहे. छूटे हुए लोग. फोटो. खीर. अरे देवा! मी वळून सुनंदाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मला विचारलं का कुणी?" ती म्हणाली. पंधरवड्यातलं पहिलं वाक्य!

आता खरी धमाल उडाली. भाऊसाहेब स्वतःच्या फोटोकडे बघत म्हणाले, "तरीच म्हटलं, हा पोरगा फोनवर 'आता नाही तर कधी' का म्हणतोय." बंडूकाका ओरडत होते, "मी कधी गेलो? मला का नाही सांगितलं?" कुणी म्हणालं, जिवंतपणी स्वतःचं पाणी सोडतात ते संन्यासी. त्यावर सुनंदा म्हणाली, "मग घ्या संन्यास, लौकी तरी वाचेल."

आणि तात्या? तात्या कोपऱ्यात बाटली हातात धरून उभे. "वाचलो रे बाबा," एवढंच म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. माणूस भिंतीवरच्या त्या हारांकडे असा बघत होता की मला एकदम वाटलं, यांना हेसुद्धा चाललं असतं. मेलेल्यांत का होईना, नाव घेतलं गेलं असतं. मला फार वाईट वाटलं हो. खरंच सांगतो.

पंडितजी पाणीबिणी पिऊन भानावर आले. मोठा समजूतदार माणूस. म्हणाले, दिवस सगळ्या पितरांचा आहे, केलेलं सगळं आपापल्या पूर्वजांच्या नावानं अर्पण करू. गच्चीवर कावळ्याचं पान ठेवा. कावळा शिवला की दोष मिटला, मग सगळ्यांनी जेवायचं.

गेलो गच्चीवर, सगळी टीम. भाऊसाहेबांना खुर्चीसकट वर नेलं. पान ठेवलं. पण त्या दिवशी उज्जैनच्या कावळ्याला काय कमी? गल्लीगल्लीत पानं मांडलेली. बऱ्याच वेळानं एक आला, पाण्याच्या टाकीवर बसला, मान वाकडी करून आमच्याकडे बघत राहिला. खाली उतरेना.

"कुणाची तरी इच्छा राहिलीय," भाऊसाहेब म्हणाले.

झालं! तुम्हाला माहीतच आहे, कावळा शिवला नाही की माणसं काय काय कबूल करतात. बंडूकाकांनी हात जोडून मान्य केलं, की त्या फायनलमधला झेल टिपला नव्हता, जमिनीवरून उचलला होता. कावळा हलला नाही. भाऊसाहेब म्हणाले, टॉस हरलो असताना जिंकलो म्हणून सांगितलं होतं. त्यानं पंख साफ केले. एकाला साखरेची बीमारी, त्याला भोवळ यायला लागली. खिरीचा वास जिन्यातून वर येत होता.

तेव्हा सुनंदा शांतपणे म्हणाली, "संघ निवडताना कुणावर अन्याय झालाय का, ते बघा बुवा."

सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या.

"ए, असं नसतं!" मी म्हटलं. "राहिलेली इच्छा मेलेल्या माणसाची असते. तात्या चांगले धडधाकट आहेत."

पंडितजी म्हणाले, "यहाँ ग्यारह के ग्यारह जीवित निकले. बारहवाँ भी चलेगा."

"पण मग बाहेर कुणाला काढू?"

बोललो आणि जीभ चावली. दहाच्या दहा जण माझ्याकडे बघायला लागले. भाऊसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "शिरीष, तू आपल्याकडून नक्की कधी खेळलास रे?"

"एकदा खेळलो ना. बंडूकाकांचं बोट मोडलं होतं तेव्हा."

"फलंदाजी केलीस?"

"माझी वेळच आली नाही."

"का आली नाही?"

तात्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. "कारण मी बाद झालो नाही!"

मी पानासमोर गेलो, हात जोडले आणि टाकीकडे तोंड करून म्हटलं, "महाराज, तात्यांना संघात घेतो. सलामीला. मी बाहेर."

शपथेवर सांगतो, शब्द संपायच्या आत कावळा खाली आला! पुरीला हात नाही, भाताला नाही, खिरीत चोच बुडवली आणि मजेत खात बसला. गच्चीवर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारच्या गच्चीवरची श्राद्धाची मंडळी उठून बघायला लागली. पंडितजीसुद्धा टाळ्या वाजवत होते, पुढच्या चार जागा विसरून.

खाली येऊन तात्यांच्या खांद्यावर शाल घातली. सगळ्यात भारी होती ती, मी माझ्यासाठी आणलेली. भाऊसाहेबांनी त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, "आता पहिल्याच चेंडूवर बाद झालास तरी चालेल." तात्या रडले. सुनंदा रडली. मी पण रडलो, पण माझ्या रडण्याचं कारण कुणी विचारलं नाही. पानं वाढली गेली तेव्हा अकरा जण बसले आणि बारावा खेळाडू म्हणून वाढायला आणि पाणी द्यायला मी. तात्यांनी हातातली बाटली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "गार आण."

घरी परतलो. सुनंदा बोलायला लागली होती, संध्याकाळी लौकी नव्हती. म्हटलं, चला, सगळं निभावलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे हात ओले, म्हणून सुनंदानं घेतला आणि स्पीकरवर टाकला. दुबेजी होते, हॉलमधला गोंधळ त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आवाज अगदी जड केलेला.

"बहनजी, दस फोटो तो लोग ले गए. एक रह गई है, हार समेत, कोने वाली. परिवार में से कोई आकर ले जाता तो..."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांग, उद्या येतो."

आतल्या खोलीतून, शाल पांघरूनच, तात्यांचा खणखणीत आवाज आला, "राहू दे गं तिथंच. बारावा खेळाडू तंबूतच बरा!"